घरकर्जाचे माप

दलित समाजात गेल्या पन्नास-साठ वर्षांत एक पगारदार वर्ग उभा राहिला आहे. त्याच्यावर आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले गेले आणि त्यातले बरेचसे टीका म्हणून लिहिले गेले. वस्ती सोडून गेला, चळवळीला विसरला, बंगला बांधून बसला, हा आरोप नवा नाही. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखविली, तिचा आधार या टीकेला आहे. म्हणून ती सहजासहजी बाजूला सारता येत नाही. परंतु या साऱ्या चर्चेत एक प्रश्न राहूनच गेला. हा बंगला कशाच्या जोरावर उभा राहिला? बहुतेकांनी तो कर्ज काढून बांधला. ते कर्ज किती असावे आणि ते कोणी ठरवावे, याचा विचार आपण कधी केला नाही. पगारदाराचा खाजगी मामला समजून तो सोडून दिला.

कर्ज हा आपल्या समाजात कधीच खाजगी मामला नव्हता. अस्पृश्यतेच्या जोडीने ज्या दोन-चार गोष्टींनी माणसाला गावात बांधून ठेवले, त्यांत कर्ज ही एक होती. तेव्हा आज ज्या घरात दोन पगार येतात त्या घराने लाखांचे कर्ज घेताना काय पाहावे, हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासला पाहिजे.

नाकाडोंगरी हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले, मध्य प्रदेशाच्या हद्दीजवळचे गाव. जंगल, धानाची शेती, आणि आसपास चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी या मॅंगनीजच्या खाणी. या परिसरात कर्जाचा इतिहास तीन थरांत वाचता येतो.

पहिला थर धान्याच्या कर्जाचा. पश्चिम महाराष्ट्रात महारवतन होते, त्याचे हाडकी-हाडोळ्याचे तुकडे होते. नागपूर-भंडाऱ्याकडची व्यवस्था तशी नव्हती. इथे मालगुजारी होती. महार समाजातली मोजकी कुटुंबे जमीन बाळगून होती. बाकीचे जाडेभरडे कापड विणीत, कोतवाली करीत किंवा कास्तकाराकडे वर्षाच्या बोलीने सालदार म्हणून राबत. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या कापडापुढे हातमागाची कमाई आटत गेली. मग पेरणीच्या तोंडाशी खाण्यासाठी धान उसने काढायचे आणि कापणीनंतर सवाईने किंवा दिढीने परत करायचे, हा क्रम झाला. एक खंडी नेली तर सवा खंडी किंवा दीड खंडी फेडायची, आणि तीही चार-सहा महिन्यांत. सालदार बोलीच्या वेळी उचल घेई. ती फिटली नाही की पुढचे साल त्याच दारात.

या कर्जाचे एक लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याला तारण नव्हते, कारण तारण ठेवण्यासारखे घरात काही नव्हते. तारण होते ते माणसाचे अंग. किती द्यायचे हे देणारा ठरवी, आणि घेणारा किती फेडू शकेल यापेक्षा तो किती काळ आपल्याकडे अडकून राहील यावर ते ठरे. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. वेठबिगारीवर १९७५ साली वटहुकूमाने व १९७६ साली कायद्याने बंदी आली. कागदावर हा थर इथे संपतो.

दुसरा थर खाणीच्या पगाराचा. १८९६ साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या ब्रिटिश कंपनीने या भागातले मॅंगनीज काढायला सुरुवात केली. खाणीत रोख मजुरी होती, आणि रोख पैसा जात विचारीत नाही असा एक दिलासा त्यात होता. पण या मजुरीचा भाव जगाच्या पोलाद बाजारात ठरत असे. १९२९ नंतरच्या महामंदीत पोलादाची मागणी कोसळली, मॅंगनीजची मागणी तिच्याबरोबर गेली आणि मध्य प्रांतातल्या खाणींचे काम थंडावले. १९६२ साली मॅंगनीज ओअर इंडिया ही कंपनी निघाली. तिच्यात केंद्र सरकार व महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन राज्ये यांचा मिळून ५१ टक्के वाटा होता. १९७७ साली उरलेला ब्रिटिश वाटाही सरकारने घेतला. खाणकामगाराच्या हाती पगारपत्रक आले, भविष्यनिर्वाह निधी आला, राखीव जागा आल्या. मधल्या काळात, १९ जुलै १९६९ रोजी, १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते.

यातून तिसरा थर तयार झाला. आपल्याकडे प्रथमच असे कर्ज आले की जे पगार पाहून मिळते आणि ज्यात घरच तारण राहते. १९७७ साली एचडीएफसी स्थापन झाली, १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक आली, आणि गृहकर्ज ही मोठ्या अधिकाऱ्यांपुरती असलेली गोष्ट शिक्षक, कारकून, परिचारिका, खाणीतला फोरमन यांच्यापर्यंत पोचली. ज्यांच्या आजोबांपाशी तारण ठेवायला काहीच नव्हते, त्यांच्या नातवंडांची सही आता तीस-चाळीस लाखांच्या कागदावर होते. ही प्रगती आहे, आणि तिला प्रगती म्हणण्यात संकोच करण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट बदललेली नाही. किती कर्ज द्यायचे हे अजूनही देणाराच ठरवितो, आणि घेणारा त्या आकड्यालाच आपली ऐपत समजतो.

ऐपत कशी मोजावी याचा एक शास्त्रीय मार्ग बाबासाहेबांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखविला होता. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्या काळी सरकारी अधिकारी व अर्थशास्त्रज्ञ म्हणत होते की जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्याची आहे. किती एकरांवर एक कुटुंब सुखाने जगेल, तेवढी जमीन किफायतशीर, अशी त्यांची व्याख्या होती. बाबासाहेबांनी ही व्याख्याच नाकारली. एकर हा नुसता आकडा आहे. जमीन लहान की मोठी हे तिच्याबरोबर असणारे भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणावर ठरते. प्रमाण बिघडले तर मोठी जमीनही तोट्याची होते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा विचार शेतीपुरता ठेवण्याचे कारण नाही. साठ लाखांचे कर्ज मोठे की लहान, याला नुसत्या आकड्याने उत्तर देता येत नाही. त्या कर्जाबरोबर घरात दुसरे काय काय आहे, ते पाहावे लागते. ज्याच्या वडिलांचे घर आहे, गावी दहा एकर ओलीत आहे, सासरे निवृत्तिवेतन घेतात, त्याचे साठ लाख वेगळे. ज्याच्या पगारावर आईवडील, धाकटा भाऊ आणि बहिणीची मुले आहेत, त्याचे साठ लाख वेगळे. पगारपत्रक दोघांचे एकच असते, म्हणून बँकेला हे दोघे सारखेच दिसतात.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या कर्जांकडेही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये, म्हणजे त्या काळी चांगलीच प्राप्ती. परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी त्यातली शिल्लक टाकली, आणि १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. त्या वेळी शाहू महाराजांनी साहाय्य केले आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले. हे कर्ज विद्येसाठी होते. ज्या विद्येवर पुढची सारी मिळकत उभी राहणार होती, तिच्यासाठी पगार सोडून कर्ज काढण्याचे धाडस त्यांनी केले.

दुसरे मोठे कर्ज घरासाठी होते. बॅरिस्टरी आणि अध्यापन यांवर प्राप्ती स्थिरावल्यावर १९३०च्या सुमारास त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. १९३१ ते १९३३ या काळात कर्जाच्या आधाराने तेथे दोन इमारती उभ्या राहिल्या. एक राजगृह, स्वतः राहण्यासाठी आणि ग्रंथसंग्रहासाठी. दुसरी चार मिनार, भाड्याने देण्यासाठी. बांधकाम चालू होते तो काळ त्यांच्या धकाधकीचा होता. गोलमेज परिषदांसाठी महिनोन् महिने लंडनला राहावे लागले. पुणे करार याच काळातला, सप्टेंबर १९३२चा. वकिलीचे उत्पन्न अशा काळात नियमित राहणे शक्य नव्हते. पुढे मे १९४१ मध्ये त्यांनी चार मिनार विकून टाकली. कर्ज फेडणे आणि ग्रंथ घेणे यांसाठी तो पैसा लागला. राजगृह मात्र अखेरपर्यंत ठेवले.

यातली एक गोष्ट आजच्या पगारदाराने नीट पाहावी. राहते घर आणि कमाईची इमारत यांत त्यांनी फरक केला होता. म्हणून ताण आला तेव्हा राहत्या घराला हात न लावता दुसरी इमारत सोडता आली. आजचे बहुतेक कर्जदार एकाच घरावर सारे लावून बसतात. अडचण आली तर सोडायला त्यांच्यापाशी राहत्या छपराशिवाय काही नसते. दुसरी इमारत सगळ्यांना परवडणार नाही. तिची जागा गाठीच्या शिलकीने घेतली पाहिजे.

आणखी एक मुद्दा. बाबासाहेबांनी घर बांधले ते हौसेसाठी बांधले असे म्हणणाऱ्याने १९१७चे बडोदे आठवावे. परदेशात शिकून आलेल्या, संस्थानच्या नोकरीत असलेल्या माणसाला तेथे राहायला जागा मिळाली नाही, आणि पारशी विश्रामगृहातून बाहेर पडावे लागले. आजही नागपुरात, पुण्यात, मुंबईत घर भाड्याने मागायला गेले की आडनाव विचारले जाते. म्हणून आपल्या माणसाला घर लवकर घ्यावेसे वाटते, पगार सुरू झाल्यावर तीन-चार वर्षांतच. या घाईचे मूळ जातीत आहे, आणि तिची किंमत व्याजातून मोजावी लागते. वीस वर्षे निवांत भाड्याने राहून, शिल्लक टाकून, मग घर घेण्याची सोय ज्यांना आहे त्यांचे नियम आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. याचा अर्थ घर घेऊ नये असा नाही. घर घ्यावेच, कर्जाचे माप मात्र आपले आपण ठरवावे.

हे माप आकड्यांत मांडून पाहू. नाकाडोंगरी परिसरातले एक घर कल्पनेने घेऊ. नवरा खाणीत, बायको शाळेत शिक्षिका. हातात येणारा पगार सत्तर हजार आणि पन्नास हजार, मिळून एक लाख वीस हजार. गावात आईवडिलांचे जुने घर आहे, पण जागेचे कागद धड नाहीत, म्हणून त्यावर कर्ज मिळत नाही. मुलांच्या शिक्षणाचे निमित्त असतेच. तेव्हा तुमसर, भंडारा किंवा नागपूर येथे घर घ्यायचे ठरते. बँका साधारणतः पगाराच्या निम्म्यापर्यंत हप्ता धरतात. म्हणजे साठ हजार. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी एक लाख रुपयांना सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो. त्या हिशेबाने बँक सहासष्ट लाखांपर्यंत कर्ज देऊ करील. वीस वर्षांत फेड होईल एक कोटी चव्वेचाळीस लाखांची.

आता त्याच घराची दुसरी बाजू मांडू. घरखर्च पस्तीस हजार. आईवडील व भावंडे दहा हजार. मुलांचे शिक्षण दहा हजार. ग्रंथ, संस्था, संघटना यांसाठी पाच हजार. आजारपण, लग्नकार्य आणि म्हातारपण यांसाठी पंचवीस हजार. हा शेवटचा आकडा कोणाला जास्त वाटेल. त्यांनी हे लक्षात घ्यावे की १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या नोकरीत नव्याने लागणाऱ्यांसाठी जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली, आणि वडिलोपार्जित इस्टेट आपल्याकडे नाही. एकूण पंच्याऐंशी हजार झाले. उरले पस्तीस हजार.

हा पस्तीस हजारांचा हप्तासुद्धा आजच्या व्याजदराने धरू नये. बहुतेक गृहकर्जांचा दर बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. तशी अडीच टक्क्यांची वाढ पुन्हा झाली तर ९चे साडेअकरा टक्के होतील आणि लाखाला ९००चा हप्ता १०६६वर जाईल. बँका अशा वेळी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवितात, आणि कर्जदाराला वाटते काही झाले नाही. प्रत्यक्षात त्याच्या निवृत्तीपलीकडे कर्ज गेलेले असते. तेव्हा पस्तीस हजारांना १०६६ने भागले तर येतात सुमारे तेहतीस लाख. बँक देऊ करते त्याच्या निम्मे.

येथे आणखी एक कसोटी लावावी. मोठा पगार वर्षभर बंद झाला तर काय? अपघात, निलंबन, बदली नाकारणे, संप, यांपैकी काहीही होऊ शकते. तेहतीस लाखांच्या कर्जाला ९ टक्क्यांनी जवळजवळ तीस हजार हप्ता येतो. घरखर्च, आईवडील व मुले यांचे पंचावन्न हजार धरले तर गरज पंच्याऐंशी हजारांची आणि हातात पन्नास. महिना पस्तीस हजारांची तूट, वर्षाला सुमारे सव्वाचार लाख. म्हणजे कर्जावर सही करण्यापूर्वी तेवढी शिल्लक गाठीला हवी. सहासष्ट लाखांच्या कर्जात हीच तूट वर्षाला पावणेआठ लाखांच्या वर जाते.

शिवाय स्वतःचा वाटा असतोच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते. उरलेले २० टक्के सवर्ण घरात बहुधा वडिलांच्या निधीतून किंवा शेताच्या तुकड्यातून येतात. आपल्याकडे ते पतसंस्थेच्या कर्जातून, दागिन्यांवरून किंवा वैयक्तिक कर्जातून येतात. म्हणजे एका घरावर दोन कर्जे, आणि दुसरे अधिक व्याजाचे. कागदावर समान असलेले दोन कर्जदार येथे पुन्हा असमान होतात. वाटा स्वतःच्या शिलकीतून उभा राहत नसेल तर ते घर अजून आपल्या आवाक्यात आलेले नाही, असे समजावे.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येईल. पहिला व्यवहारी माणसाचा. घरांच्या किमती वाढतात, पगार वाढतो, रुपया घसरतो, म्हणून आज जमेल तितके मोठे कर्ज घ्यावे, पुढे ते हलके होते. रुपया घसरला की जुने कर्ज हलके होते, हे खरे आहे. परंतु रुपयाच्या प्रश्नाचा बाबासाहेबांनी जो अभ्यास केला, त्यातले एक सूत्र या माणसाला सांगितले पाहिजे. भाव चढतात तेव्हा मजुरी आणि पगार त्यांच्या मागून चालतात. महागाईचा फायदा कर्जदाराला पोचण्याआधी पगारदाराचे नुकसान झालेले असते, आणि येथे कर्जदार व पगारदार एकच आहे. त्यातून व्याजदर बदलता असला तर महागाईबरोबर तोही चढतो. राहते घर विकल्याशिवाय वाढलेली किंमत हातात येत नाही, हे तर उघडच आहे.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्याचा. वस्तीत लोकांना पाणी नाही आणि आपण सहासष्ट लाख की तेहतीस लाख याची चर्चा करतो, हे शोभते का? या आक्षेपाला नैतिक वजन आहे. पण पगारदार वर्ग चळवळीपासून का तुटतो याची जी कारणे आहेत, त्यांत हप्ता हे एक ठळक कारण आहे, हे कार्यकर्त्याने ओळखले पाहिजे. पगाराचा निम्मा भाग ज्याचा पाच तारखेला कापला जातो, तो संघटनेच्या निवेदनावर सही करताना कचरतो. बदलीची धमकी त्याला पुरते. बढतीत डावलले तरी तो न्यायालयात जात नाही. त्याला भित्रा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कर्जाचे माप चुकले की माणूस किती वर्षे मुका होतो, हा हिशेब मात्र आपण त्याच्यापुढे कधी मांडला नाही.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला तेव्हा त्याच्या जाहीरनाम्यात जमीन-तारण बँका व सहकारी संस्था यांची मागणी होती. कर्ज वाईट, असे त्या जाहीरनाम्याने म्हटले नाही. सावकाराच्या अटींऐवजी कुळाच्या गरजेने ठरणारे कर्ज मिळावे, असा त्याचा रोख होता. आजच्या पगारदारांच्या संघटनांनी, शिक्षकांच्या पतसंस्थांनी, खाणकामगारांच्या युनियनांनी हे काम हाती घेण्यासारखे आहे. नवा सभासद कर्जासाठी आला की त्याला पगारपत्रकाबरोबर घराचा पुरा हिशेब मांडायला लावावा. त्यात आईवडील असावेत, एका पगाराचे वर्ष असावे, निवृत्तीचे साल असावे.

आणि त्यात बायकोचे नाव असावे. कर्ज वाढवून मिळावे म्हणून तिचा पगार जोडला जातो, हप्त्यासाठी तिची सही घेतली जाते, पण घराचा दस्त पुष्कळदा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होतो. हिंदू कोड बिलाची वाट अडविली गेली, आणि १९५१ साली बाबासाहेबांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणे अनेक होती, पण स्त्रीच्या मालमत्तेच्या हक्काचे हे बिल त्यांतले प्रमुख कारण होते. आपल्या घरात फेडणारी ती आणि मालक तो, अशी व्यवस्था असेल तर त्या राजीनाम्याचा अर्थ आपल्याला कळला नाही असेच म्हणावे लागेल.

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब उभे होते आणि पराभूत झाले. त्या निवडणुकीत त्यांच्यासाठी राबलेल्या माणसांपैकी बहुतेकांपाशी गहाण ठेवण्यासारखे काही नव्हते. त्यांना गमावण्यासारखी होती ती रोजची मजुरी, आणि ती त्यांनी गमावली. त्यांच्या नातवंडांपाशी आज पगार आहे, दस्त आहे, बँकेचे मंजुरीपत्र आहे. त्या पत्रावरचा आकडा निम्मा करून घेण्याचा अधिकारही त्यांच्यापाशी आहे. उरलेल्या निम्म्यातून आईचे औषध येते, मुलीची फी येते, संघटनेची वर्गणी येते, आणि वेळ आली तर साहेबापुढे उभे राहून नाही म्हणण्याची सोय येते. घर घेताना चौरस फूट मोजावेत तशी हीही बाब मोजावी.